खोलीला ऊब किती लागते?

मार्गशीर्ष सरून पौष लागला, कीं पुण्या-नाशिकाकडील घरांत एक जुनाच प्रश्न नव्यानें उभा राहतो. मुंबईकराला तो फारसा सतावीत नाहीं. कोंकणांत तर तो बहुधा उद्भवतच नाहीं. परंतु घाटावर पहाटेचें उष्णतामान दहा अंशांपर्यंत उतरलें, म्हणजे घरांतील वडीलधारीं माणसें शाल लपेटून बसतात, तान्ह्या मुलाला आज न्हाऊं घालावें कीं नाहीं यावर सासूसुनांची चर्चा होते, आणि शेवटीं घरचा कर्ता पुरुष विजेची शेगडी आणावयास बाजारांत जातो. निफाडच्या आसपासचे द्राक्षबागाईतदार अशाच रात्रीं बागेंत शेकोट्या पेटवून जागत बसलेले असतात. त्यांना वेलींची काळजी, शहरवासियांना माणसांची. पण प्रश्न एकच. या एवढ्या जागेला ऊब किती लागेल?

दुकानांत होणारा संवाद बहुतेक ठरलेला असतो. “खोली केवढी आहे?” दुकानदार विचारतो. “तेरा बाय दहा फूट,” गृहस्थ सांगतात. “मग साहेब, दोन हजार वॉटची घेऊन जा, विचारच करूं नका.” गृहस्थ ती घेऊन येतात. कांहीं घरांत ती साध्या सहा अँपिअरच्या जागीं जोडली जाते आणि तासाभरांत भिंतीवरील बटणापाशीं जळका वास सुटतो. दुसऱ्या एखाद्या घरांत काटकसर म्हणून पांचशें वॉटची छोटी शेगडी आणतात. ती रात्रभर लाल दिसते, परंतु सकाळीं आजी म्हणतात, “अरे, डोळ्यांना गरम वाटतें खरें, पण हाडांतली थंडी कांहीं गेली नाहीं बाबा.” दोन्ही घरांत पैसे खर्च झाले आणि दोन्ही घरांत काम झालें नाहीं. याचें कारण असें, कीं खोलीची लांबी-रुंदी विचारून शेगडी ठरविणें म्हणजे घागर केवढी आहे एवढें विचारून तिची गळती ठरविण्यासारखें आहे.

गळक्या घागरीचा हा दृष्टान्त थोडा पुढें नेण्याजोगा आहे. तळाशीं भोंक असलेल्या घागरींत वरून नळाची धार सोडली, तर पाणी हळूहळू चढतें. पाण्याची उंची जसजशी वाढते, तसतशी भोंकांतून होणारी गळतीहि वाढते; आणि जेव्हां येणारी धार व जाणारी धार समान होतात, तेव्हां पाणी त्या उंचीवर स्थिर राहतें. तापविलेल्या खोलीचेंहि नेमकें असेंच आहे. शेगडी ही नळाची धार, खोलीचें उष्णतामान ही पाण्याची उंची, आणि भिंती, छप्पर, खिडक्या व दारांच्या फटी हीं भोंकें. शेगडीनें खोली भरावयाची नसते. तिनें गळती भरून काढावयाची असते. म्हणून शेगडी किती वॉटची असावी, या प्रश्नाचें खरें रूप “खोलींतून दर सेकंदाला किती उष्णता निसटते?” हें आहे.

या गळतीचा मुख्य नियम न्यूटननें १७०१ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत आढळतो. तापलेली वस्तु आपली उष्णता ज्या वेगानें गमावते, तो वेग त्या वस्तूच्या व भोंवतालच्या हवेच्या उष्णतामानांतील फरकाच्या प्रमाणांत असतो. हा नियम सर्वत्र तंतोतंत लागू पडत नाहीं. परंतु खोलीच्या हिशेबापुरता तो पुरेसा विश्वसनीय आहे. घन पदार्थांतून, म्हणजे भिंतींतून, उष्णता कशी वाहते याचें गणित फ्रेंच गणिती फूरिए यानें १८२२ च्या आपल्या ग्रंथांत बांधून दिलें. भिंत जितकी मोठी तितकी गळती अधिक; भिंत जितकी जाड तितकी ती कमी; आणि भिंत कशाची आहे यावरहि ती अवलंबून. दगड व काँक्रीट उष्णतेला चटकन वाट देतात. वीट थोडी अडविते. लांकूड बरेंच अडवितें. आणि कापूस, लोंकर, भुसा यांसारखे पदार्थ सर्वांत अधिक अडवितात, कारण त्यांच्या पोकळ्यांत हवा कोंडलेली असते. गोधडीची ऊब गोधडी निर्माण करीत नाहीं. ती अंगची ऊब बाहेर जाऊं देत नाहीं, एवढेंच.

आतां प्रत्यक्ष हिशेब करूं जातां येतो. श्रोत्यांनीं कागद व शिसपेन्सील जवळ घेतल्यास तो सहज ध्यानांत राहील. खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद व ३ मीटर उंच धरावी, म्हणजे जवळजवळ तेरा बाय दहा फुटांची. ती इमारतीच्या अगदीं वरच्या मजल्यावर, कोपऱ्यांत आहे. एक लांब भिंत व एक आंखूड भिंत बाहेरच्या हवेला लागून. उरलेल्या दोन भिंतींपलीकडे घरांतल्याच खोल्या. खालीं शेजाऱ्यांचें बिऱ्हाड. जेथें पलीकडेहि जवळजवळ तितकीच ऊब आहे तेथून गळती नाममात्र, म्हणून त्या भिंती व जमीन हिशेबांतून वगळावयाच्या.

प्रत्येक पृष्ठभागाचा एक अंक असतो. एका चौरस मीटरांतून, आंत-बाहेर एका अंशाचा फरक असतां, किती वॉट उष्णता जाते तें तो अंक सांगतो. दोन्ही बाजूंनीं गिलावा केलेल्या नऊ इंची विटांच्या भिंतीचा अंक सुमारें २. एकेरी कांचेच्या खिडकीचा साडेपांच. आणि वर कांहीं उष्णतारोधक थर नसलेल्या काँक्रीटच्या स्लॅबचा सुमारें ३. बाहेरच्या लांब भिंतीचें क्षेत्रफळ १२ चौरस मीटर. त्यांत २ चौरस मीटरांची खिडकी वजा जातां १० राहिले. आंखूड भिंत ९ चौरस मीटर. एकूण भिंत १९, तिला २ नें गुणून ३८ वॉट. खिडकी २, तिला साडेपांचांनीं गुणून ११ वॉट. स्लॅब १२, तिला ३ नें गुणून ३६ वॉट. ही सर्व गळती दर अंशामागें.

राहिली हवा. खिडक्या लावून घेतल्या तरी फटींतून थंड हवा आंत येते आणि ऊबदार हवा बाहेर जाते. साधारण बऱ्या बसलेल्या दारखिडक्यांच्या खोलींतील सगळी हवा तासांतून एकदां बदलते असें मानावें. एका घनमीटर हवेचें वजन सुमारें १.२ किलो, तेवढी हवा एक अंशानें तापविण्यास सुमारें १२०० जूल लागतात. तासाचे ३६०० सेकंद. म्हणून दर घनमीटराला वॉटचा एक तृतीयांश. खोली ३६ घनमीटरांची, म्हणजे १२ वॉट. आतां बेरीज: ३८, ११, ३६ व १२, मिळून ९७. हा त्या खोलीचा स्वतःचा अंक. आंत-बाहेर एका अंशाचा फरक टिकविण्यास तिला ९७ वॉट लागतात.

पहाटे बाहेर १० अंश आणि आंत २० अंश हवे असतील, तर फरक १० अंशांचा. म्हणून ९७० वॉट. स्वस्थ बसलेलें माणूस स्वतःच सुमारें शंभर वॉट उष्णता देत असतें. झोंपेंत त्याहून थोडी कमी. हें ध्यानांत घेतलें तर एक हजार वॉटची शेगडी या खोलीला पुरेशी ठरते. १७ जानेवारी १९३५ रोजीं पुण्यांत १.७ अंश इतक्या खालच्या उष्णतामानाची नोंद झाली होती. तशी रात्र पुन्हां आली तर फरक १८.३ अंशांचा, आणि गरज पावणेअठराशें वॉटांची. परंतु तशा एखाद्या रात्रीसाठीं सदैव मोठी शेगडी बाळगण्यापेक्षां एक घोंगडी अधिक काढणें शहाणपणाचें.

हीच खोली त्याच इमारतीच्या मधल्या मजल्यावर, मधोमध असती तर? वर स्लॅबऐवजीं दुसरें बिऱ्हाड. आंखूड भिंतीपलीकडे शेजारी. मग उरली एक भिंत, २० वॉट, खिडकी ११, हवा १२. बेरीज ४३, आणि दहा अंशांच्या फरकाला ४३० वॉट. लांबी-रुंदी तीच, इमारत तीच, थंडी तीच. आणि गरज निम्म्याहूनहि कमी! चौरस मीटराला शंभर वॉट, हा जो ठोकताळा ठिकठिकाणीं सांगितला जातो, त्यानें दोन्ही खोल्यांना सारखेच बाराशें वॉट दिले असते. ठोकताळा अगदींच निरुपयोगी नाहीं. पण त्याला छप्पर दिसत नाहीं, कोपरा दिसत नाहीं आणि गांव दिसत नाहीं.

गांव किती महत्त्वाचें, तें पाहावयाचें तर ही खोली आहे तशी उचलून लेहला नेऊन ठेवावी. समुद्रसपाटीपासून सुमारें साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या त्या गांवीं जानेवारींतल्या रात्रीं शून्याखालीं पंधरा अंश ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. महाराष्ट्रांतील किती तरी कुटुंबांतील मुलें सैन्यांत वा इतर कामावर तिकडे असतात, आणि “तिकडे शेगडी मिळते ना?” हा प्रश्न घरून हमखास विचारला जातो. उंचीमुळें तेथील हवा विरळ, जवळजवळ दोन तृतीयांश. म्हणून हवेचे १२ वॉट ८ वर येतात आणि खोलीचा अंक ९३ होतो. पण फरक आतां ३५ अंशांचा. गुणाकार केला तर सव्वातीन हजार वॉट. तेवढी शेगडी रात्रंदिवस चालविणें बहुतेक घरांच्या आवांक्याबाहेरचें.

अशा वेळीं शेगडी वाढविण्याऐवजीं गळती कमी करणें हाच मार्ग उरतो. त्याच भिंतींना व छपराला दहा सेंटिमीटर जाडीचा चांगला उष्णतारोधक थर दिला, तर भिंतीचा अंक २ वरून एक तृतीयांशावर येतो आणि छपराचा ३ वरून साधारण तेवढ्यावरच. खिडकीला दुहेरी कांच बसविली तर साडेपांचाचे पावणेतीन होतात. फटी बुजवून हवेचा पालट निम्म्यावर आणला तर ८ चे ४ वॉट राहतात. सर्वांची बेरीज अवघी वीस. आणि पस्तीस अंशांच्या फरकाला सातशें वॉट. कोठें सव्वातीन हजार आणि कोठें सातशें! लडाखांतील जुन्या घरांच्या जाड मातीच्या भिंती व लहान खिडक्या यांचें मर्म हेंच. लेहजवळच्या फे गांवीं सेकमोल या संस्थेनें मातीच्या जाड भिंतींच्या, दक्षिणेकडे कांचा लावलेल्या ज्या इमारती उभारल्या, त्या दिवसां सूर्याची ऊब सांठवून रात्रीं ती वापरतात. जर्मनींतील डार्मश्टाट येथें १९९१ सालीं पुऱ्या झालेल्या घरांपासून जी बांधणीची पद्धति रूढ झाली, तींत तर चौरस मीटराला दहा वॉटांहून अधिक ऊब लागूं नये अशी मर्यादा घातलेली आहे. आपल्या बारा चौरस मीटरांच्या खोलीला त्या हिशेबानें १२० वॉट पुरतील. म्हणजे स्वस्थ बसलेल्या एका माणसाच्या उबेहून थोडे अधिक!

येथें एका शंकेचें निरसन करणें अवश्य आहे. हिशेबानें हजार वॉट पुरतात, तर मग शेगडी लावून तास झाला तरी खोली गार कां? याचें उत्तर भिंतींच्या वजनांत आहे. खोलींतील हवा अवघी त्रेचाळीस किलो. ती एकटीच तापवावयाची असती तर हजार वॉटची शेगडी सात-आठ मिनिटांत तिला दहा अंश चढविती. परंतु बाहेरच्या त्या दोन भिंतींतील विटाच जवळजवळ आठ टन भरतात. त्या सरासरी पांच अंशांनीं तापावयाच्या तर नऊ युनिट वीज एकट्या भिंतीच पिऊन टाकतील. म्हणून रात्रीं दहाला शेगडी लावून सव्वादहाला उबेची अपेक्षा करणाऱ्याची निराशा होते. संध्याकाळीं, भिंतींत दिवसाचें ऊन शिल्लक आहे तोंवर, खिडक्या लावून घेऊन शेगडी सुरू करावी. आणि हिशेबाच्या आंकड्यावर चतुर्थांश अधिक धरून खरेदी करावी. आजींच्या हाडांतली थंडी न जाण्याचेंहि हें एक कारण होय. हवा ऊबदार झाली तरी भिंती गार असतात, आणि अंगाची उष्णता प्रारणानें त्या गार भिंतींकडे जात राहते. वृद्धांची खाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर सारली, किंवा त्या भिंतीवर जाड सतरंजी टांगली, तर एकहि वॉट न वाढवितां आराम पडतो.

शेगड्यांच्या प्रकारांविषयींहि बराच गैरसमज आहे. लाल तारेची, पंख्याची, तेलाची: या सर्व शेगड्या हजार वॉटांच्या असतील तर खोलीला उष्णता सारखीच देतात, मग किंमत कांहींहि असो. फरक आहे तो देण्याच्या रीतींत. लाल तारेची समोरच्या माणसाला थेट शेकते, पंख्याची हवा लौकर तापविते, तेलाची सावकाश व शांतपणें काम करते. अपवाद एकच: ज्या वातानुकूल यंत्राला उलट चालवून खोली तापवितां येते, तें बाहेरच्या हवेंतील उष्णता आंत ओढून आणतें, म्हणून थंडी फार कडक नसेल तर एका युनिट विजेंत तें सुमारें तीन युनिट ऊब देतें.

दोन धोके मात्र कधींहि विसरूं नयेत. दोन हजार वॉटची शेगडी २३० व्होल्टच्या विजेवर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर प्रवाह ओढते. सहा अँपिअरच्या साध्या जोडणीवर ती लावणें म्हणजे आगीला आमंत्रण. तिला सोळा अँपिअरची स्वतंत्र जोडणीच हवी. दुसरा धोका याहून भयंकर. वीज महाग म्हणून कोळशाची शेगडी पेटवून दारें-खिडक्या घट्ट लावून झोंपणें हा प्रकार दर हिंवाळ्यांत देशांत कोठें ना कोठें बळी घेतो. अर्धवट जळणाऱ्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक जोरानें चिकटतो, आणि झोंपलेल्या माणसाला जागहि येत नाहीं. पेटलेल्या कोळशाला धूर बाहेर नेणारें धुराडें पाहिजे. तें नसेल तर झोंपण्याच्या खोलींत कोळसा नकोच.

तसेंच उलट बाजूनें अति काटकसरहि परवडणारी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालच्या आपल्या शिफारशींत समशीतोष्ण व थंड प्रदेशांसाठीं थंडीच्या दिवसांत घरांतील उष्णतामान १८ अंशांच्या खालीं जाऊं देऊं नये असें म्हटलें आहे. वृद्ध, लहान मुलें व जुनाट विकार असलेलीं माणसें यांना त्याहून थोडें अधिक लागूं शकतें. थंड खोलींत रक्तदाब वाढतो, श्वसनाचे विकार बळावतात. आजींची तक्रार लाडाकोडाची नसते.

आतां कोणी म्हणेल, कीं भिंतीचा अंक दोनच कशावरून? फटी किती, हें कोणी मोजलें? आक्षेप रास्त आहे. दारखिडक्या सैल असतील तर हवा तासांतून तीनदांहि बदलते. मग १२ वॉटांचे ३६ होतात आणि ९७ चे १२१. निरभ्र रात्रीं स्लॅब आकाशाकडे उष्णता फेकून हवेहूनहि गार होते, त्यामुळें तिचा वांटा आणखी वाढतो. म्हणून हिशेब हा अंदाजच. आणि अंदाज पडताळून पाहण्याची एक सोपी युक्ति घरोघर करतां येते. शेजाऱ्याकडून हजार वॉटची शेगडी दोन रात्रींपुरती मागून आणावी. ती आपोआप बंद होणार नाहीं अशी ठेवून, खोलीचें दार लावून, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चालू ठेवावी, आणि दोन तापमापकांनीं पहाटे आंतलें व बाहेरचें उष्णतामान पाहावें. शेगडी चालू असतां घरांत कोणी तरी जागें असावें, व जवळपास कपडे-पडदे असूं नयेत. समजा, बाहेर १२ अंश व आंत २१ अंश आढळले. फरक नऊ, हजाराला नवांनीं भागलें तर १११. हा त्या खोलीचा प्रत्यक्ष अंक. भिंती रात्रभर उष्णता पीत असल्यामुळें पहिल्या रात्रीं अंक थोडा फुगलेला येतो; दुसऱ्या रात्रीचा अधिक खरा. एकदां तो मिळाला, कीं कोणत्याहि थंडीला किती वॉट लागतील हें एका गुणाकारांत कळतें.

मग त्या गृहस्थांनीं काय करावें? आधीं आंखणी घेऊन खोलीच्या बाहेरच्या बाजू मोजाव्या. नंतर दाराखालच्या फटीला कापडाची गुंडाळी, खिडकीच्या चौकटीला पट्टी आणि कांचेला जाड पडदा द्यावा. हा खर्च शेगडीपुढें कांहींच नाहीं. मालकी स्वतःची असेल तर पावसाळ्याआधीं गच्चीवर उष्णतारोधक थर घालावा; तोच उन्हाळ्यांतहि उपयोगी पडेल, कारण जी गळती हिंवाळ्यांत ऊब बाहेर नेते, तीच वैशाखांत उन्हाची धग आंत आणते. आणि मग दुकानांत जावें. दुकानदारानें “खोली केवढी?” असें विचारलें, तर तेरा बाय दहा असें उत्तर न देतां, “दर अंशाला सत्त्याण्णव वॉट गळते,” असें सांगावें. दुकानदार क्षणभर पाहत राहील. पण त्या रात्रीं आजींना झोंप लागेल, आणि महिन्याअखेरीचें विजेचें बिल पाहून सूनबाईंचीहि उडणार नाहीं.